टेरिकॉट आटत नाही

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात इतक्या वर्षांत एकही गिऱ्हाईक जाड झालं नव्हतं. कापड आटलं होतं. कुणी घट्ट झालेली पँट आणली की मास्तर कापड चिमटीत धरून खिन्नपणे म्हणत, "हल्ली कापडात राम राहिला नाही." मग शिवणीत ठेवलेली जादा माया उसवून कंबर वाढवत. गिऱ्हाईकाची इभ्रत शाबूत, मास्तरांची शिलाई वसूल.

अशी दयाबुद्धी माणसाने स्वतःलाही का दाखवू नये? मास्तरांनी आपली राखाडी पँट वर्षभरात दोनदा सैल केली. तिसऱ्यांदा उसवायला घेतली तर आत मायाच उरली नव्हती. आणि रविवारी लेक यायची होती, परगावी नोकरीला गेल्यापासून पहिल्यांदाच. तिच्यापुढे पट्ट्याखालचं उघडं बटण लपवत बसणं मास्तरांना पटेना. नवी पँट शिवणं आलं. पण आपणच आपलं माप घेतलं की टेप सोयीच्या आकड्यावर थांबते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बायकोला बोलावलं.

"जरा माप घे गं. कापड आटलंय."

"टेरिकॉट?" ती म्हणाली. "टेरिकॉट आटत नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला."

मास्तरांनी तोवर पोट आत ओढलं होतं. तिने टेप गुंडाळली आणि तशीच उभी राहिली.

"बघ की आकडा."

"बघते. आधी श्वास सोडा. मला घाई नाही, गॅस बंद करून आलेय."

मास्तरांनी जमेल तितका दम धरला. मग सोडला.

"बेचाळीस," भाजीचा भाव सांगावा तशी ती म्हणाली.

"चारला भूक लागते गं. म्हणून समोरच्या बेकरीत जातो. एखादा केक. कधी दोन."

"दीडला जेवता. चारला कसली भूक?"

मास्तर मशीनशेजारच्या स्टुलाकडे बघत राहिले. "चारला ती यायची कॉलेजातून. इथे बसून बटणं लावायची नि माझं डोकं खायची."

"आणि आता तुम्ही केक खाता." तिने टेप त्यांच्या गळ्यात घातली. "आठवण येते म्हणा की सरळ. मी नाही का, तिची रिकामी खोली दोनदा झाडते."

दुसऱ्या दिवशी चारला मास्तरांनी लेकीला फोन लावला. "बाबा, मीटिंगमध्ये आहे, सहाला करते," म्हणून तिने ठेवला. मास्तर रस्ता ओलांडून बेकरीत गेले.

"दोन?" बेकरीवाल्याने विचारलं.

"एक. भूक नाहीये, करमत नाहीये म्हणून खातोय."

"बरं," बेकरीवाला म्हणाला. कशासाठी खाताय, असं त्याने आजवर कुणालाच विचारलं नव्हतं.

केक अर्ध्यातच पुरे वाटला. उरलेला त्यांनी बायकोला नेला. "मला भूक नाही," ती म्हणाली, आणि खाल्ला.

रविवारी लेक सामान घरी टाकून थेट दुकानात आली आणि स्टुलावर बसली. काउंटरशी एक गृहस्थ घट्ट पँट घेऊन उभे होते.

"बाबा, जाड झालात."

"झालोय," नव्या पँटीत ऐसपैस बसलेले मास्तर म्हणाले. "बेचाळीस."

गृहस्थांनी घाईघाईने आपली पँट पिशवीत कोंबायला घेतली. मास्तरांनी ती हळूच काढून घेतली, कापड चिमटीत धरलं आणि मान हलवली.

"तुमचं मात्र आटलंय."