साठीच्या पुढचे किती?

कंपनीत माझं काम एकच, लोकांच्या शंका वाचायच्या. नवं घड्याळ बाजारात यायला तीन आठवडे उरले होते. नाडी मोजणारं, झोप मोजणारं, पावलं मोजणारं मनगटी घड्याळ. जाहिरात झाल्या दिवसापासून शंकांचा रतीब सुरू झाला. सकाळी नऊला खुर्चीत बसले की पडद्यावर तीनचारशे प्रश्न वाट बघत असायचे. ‘अंघोळीला काढायचं का?’ ‘बॅटरी दोन दिवस म्हणता, म्हणजे खरे किती तास?’ ‘माझी झोप तुम्ही कुणाला विकणार?’ एका गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘मागे दुसरं एक घेतलं होतं, ते टेबलावर काढून ठेवलं तरी चाळीस पावलं चालायचं.’ आणि गंमत अशी, की सगळ्यांत जास्त नाकं मुरडणारेच रोज येऊन विचारायचे, ‘नक्की कधी येतंय?’

त्यात एके दिवशी एक प्रश्न आला. ‘नाडी अनियमित असेल तर तुमचं घड्याळ काय करतं? सरासरी काढून गप्प बसतं, की सांगतं? उत्तर सरळ द्यावे.’ खाली सही होती, ‘मेट्रन’.

मी कपाळावर हात मारला. मेट्रन म्हणजे माझ्या सासूबाई. छत्तीस वर्षं इस्पितळात काढली, शेवटची नऊ वर्षं मेट्रन म्हणून. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी आमच्या इमारतीत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही.

घरी गेल्या गेल्या मी म्हटलं, “अहो आई, मला विचारायचं ना घरातच!”

त्या पेपर वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “घरात विचारलं असतं तर तू सून म्हणून उत्तर दिलं असतंस. मला कंपनीचं उत्तर हवंय.”

दुसऱ्या दिवशी मी तो प्रश्न वरच्या मजल्यावर इंजिनिअर मंडळींकडे पाठवला. उत्तर आलं, ‘सहा हजार लोकांवर चाचणी पूर्ण झाली आहे. कृपया निश्चिंत राहावे.’ तेच मी नियमाप्रमाणे मेट्रनना पाठवलं. संध्याकाळी त्यांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि चष्मा काढला.

“हे काही उत्तर नाही. हे पाठीवर थोपटणं झालं.”

त्याच आठवड्यात आमच्या विक्रीप्रमुखांनी टूम काढली. सगळ्यांत कडवट लिहिणारे चाळीस लोक निवडायचे, एक दिवस कंपनीत बोलवायचे, चहापाणी करायचं, हातात घड्याळ बांधायचं. “शिव्या देणाऱ्यानं एकदा चांगलं म्हटलं, की शंभर जाहिरातींचं काम होतं,” असं त्यांचं म्हणणं. यादी करायचं काम माझ्याकडे. मी मुद्दाम मेट्रनना वगळलं. घरचं माणूस, उगाच चर्चा नको. पण घड्याळ तयार करणाऱ्या गटाच्या प्रमुखांनी यादी वाचून मला बोलावलं. चाळिशीचा, बारीक अंगाचा, सतत पेन फिरवणारा माणूस.

“नाडीबद्दल विचारणारा तो मेट्रन कोण? त्याला का नाही बोलावलं?”

“तो नाही, त्या. माझ्या सासूबाई आहेत सर.”

ते हसले. “मग तर बोलवाच.”

त्या दिवशी मेट्रन इस्त्रीची पांढरी साडी नेसून, केस घट्ट बांधून आल्या. खालच्या मजल्यावरचा मोठा हॉल रिकामा करून टेबलं मांडली होती. एका बाजूला चालायची यंत्रं, कोपऱ्यात पडद्यामागे पलंग आणि ईसीजीचं मशीन, आणि त्या दिवसापुरत्या बोलावलेल्या एक डॉक्टरीणबाई. चाळीस शंकेखोर खुर्च्यांवर बसले होते. कुणी घड्याळ उलटं करून तळ बघत होतं, कुणी पट्टा हुंगत होतं. एका काकूंनी तर ते कानाला लावलं. “टिकटिक नाही येत,” त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या.

मेट्रननी घड्याळ बांधलं, पडद्यावरचा आकडा बघितला आणि लगेच दुसऱ्या हाताची तीन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावून पूर्ण एक मिनिट मोजलं. मग हात वर केला.

“हे एक्याऐंशी दाखवतंय. माझी शहात्तर भरली.”

हॉलमध्ये कुजबुज झाली. “बघा, म्हटलं नव्हतं?” मागून कुणीतरी म्हणालं. विक्रीप्रमुखांचा चेहरा पडला. गटप्रमुख मात्र शांतपणे छातीला बांधायचा पट्टा घेऊन आले. पट्ट्यानं एक्याऐंशीच दाखवले. मेट्रननी पुन्हा मोजले. पुन्हा एक मिनिट. मग त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “त्याचं बरोबर आहे. माझं चुकलं. एवढ्या लोकांत स्वतःचीच नाडी मोजायला गेले, मन स्थिर नव्हतं.”

लोक हसले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळलेपणाचा मागमूस नव्हता. चूक निघाली, कबूल केली, संपलं. उलट कुतूहलानं त्या घड्याळाच्या पोटातला हिरवा दिवा निरखत बसल्या आणि शेजारच्या इंजिनिअरला हा उजेड कातडीतून आत कसा जातो, परत कसा येतो, हे तीनतीनदा विचारून घेतलं.

त्यांच्या पलीकडच्या खुर्चीवर निवृत्त बसचालक होते. सत्तरीचे, रुंद खांद्यांचे, बोलघेवडे. “एकतीस वर्षं गाडी चालवली, एक ओरखडा नाही,” हे त्यांनी आल्यापासून चार जणांना सांगून झालं होतं. त्यांच्या घड्याळावर चौऱ्याहत्तर आकडा होता आणि खाली हिरव्या अक्षरांत, ‘सर्व ठीक’.

“बघा मेट्रनबाई, ठणठणीत!” त्यांनी मनगट पुढे केलं.

मेट्रननी सवयीनंच त्यावर बोटं ठेवली. दहा सेकंदांत त्यांच्या कपाळावर आठी आली. बोलायला तोंड उघडलेल्या चालकांना त्यांनी दुसऱ्या हातानं गप्प केलं. मिनिट संपलं, त्यांनी दुसरं मिनिट मोजलं. मग मला हाक मारली.

“सूनबाई, तुमच्या साहेबांना बोलव. यांची नाडी धड चालत नाहीये.”

“पुन्हा का?” विक्रीप्रमुख पुटपुटले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “अहो, त्यांना चहाला घेऊन जा ना जरा. एकदा चुकल्या आहेत. लोक बघताहेत.”

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांची बोटं अजून चालकांच्या मनगटावर होती. डोळे मिटलेले. आजारी सासऱ्यांच्या उशाशी बसलेल्या त्या मी पाहिल्या होत्या, तेव्हाही असाच चेहरा असायचा, सगळं जग बोटांच्या टोकाशी आणून ठेवल्यासारखा. मी म्हटलं, “नाही सर. त्यांचं म्हणणं नोंदवून घेणं हेच माझं काम आहे.” आणि सरळ गटप्रमुखांकडे गेले.

ते आले. पडद्यावर अजून चौऱ्याहत्तर, सर्व ठीक.

“आकडा चूक आहे का?” त्यांनी विचारलं.

“आकडा जवळपास बरोबर आहे,” मेट्रन म्हणाल्या. “पण दोन ठोके लगोलग पडतात, मग एक लांब गॅप, मग तीन घाईचे. काही ताळमेळच नाही. सरासरी काढली की चौऱ्याहत्तर येणारच. एक पाय उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात ठेवलेल्या माणसाला सरासरीनं बरंच वाटत असेल, नाही?”

“असे वेडेवाकडे ठोके घड्याळ गाळून टाकतं,” एक तरुण इंजिनिअर मुलगी म्हणाली. “हात हलला की तसं होतं ना, म्हणून. तो कचरा समजून...” बोलता बोलता ती थांबली.

“यांचा हात हललेला नाही,” मेट्रन म्हणाल्या. “माझ्या हातात होता.” मग गटप्रमुखांकडे वळल्या. “तुम्ही सहा हजार लोकांवर तपासलंत म्हणता. त्यांतले साठीच्या पुढचे किती?”

त्यांच्या हातातलं पेन थांबलं. “एकशे बारा,” ते हळू म्हणाले. “बाकी बहुतेक तरुण होते. पळणारे, व्यायाम करणारे.”

“म्हणजे ज्यांना नाडी मोजायची गरजच नाही ते.”

हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी चालकांना पडद्यामागे नेऊन पलंगावर झोपवलं, तारा लावल्या. मशीनमधून कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. ती दोन्ही हातांत ताणून धरत त्या बाहेर आल्या आणि आमच्या कुणाकडेही न बघता थेट मेट्रनकडे गेल्या. “तुमचं बरोबर आहे सिस्टर. ठोक्यांना लयच नाही. आजच्या आज इस्पितळात पाठवते. असंच राहिलं असतं तर पुढे गुठळी होऊन झटका यायची भीती होती.”

चालक पलंगावर उठून बसले होते. त्यांचा सगळा बोलघेवडेपणा पळाला होता. “पण मला तर काहीच होत नाही,” ते म्हणाले. “जिना चढताना थोडा दम लागतो, एवढंच. मी म्हटलं, वय झालं.”

“वय झालंच आहे,” मेट्रन त्यांच्याशेजारी बसत म्हणाल्या. “पण दम लागणं आणि वय होणं यात फरक असतो. जा, घाबरू नका. वेळेत कळलंय. घरी कोण आहे? मुलीला फोन लावून द्या, मी बोलते.” आणि त्यांनी फोनवर त्या मुलीला इतक्या स्वच्छ, शांत शब्दांत सगळं समजावलं, की बाजूला उभी असलेली मीसुद्धा निवांत झाले. मला वाटलं, या बाई माझ्या घरात राहतात. रोज सकाळी माझ्याशी गॅसवरून भांडतात. आणि मी त्यांचं नाव यादीतून वगळलं होतं.

त्या दुपारी वरच्या मजल्यावर मोठी खडाजंगी झाली. विक्रीप्रमुखांचं म्हणणं, तारीख जाहीर झालीय, आता मागे हटलो तर छी थू होईल. गटप्रमुखांचं म्हणणं, ‘सर्व ठीक’ लिहिलेलं घड्याळ बांधून एखादा माणूस पडला तर काय तोंड दाखवायचं? शेवटी घड्याळ अडीच महिने पुढे ढकलायचं ठरलं. कारण लोकांना कळवायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. विक्रीप्रमुखांनी मसुदा दिला होता, ‘काही तांत्रिक सुधारणांसाठी’. मी तो बाजूला ठेवून लिहिलं, ‘एका निवृत्त परिचारिकेच्या बोटांना जे कळलं, ते आमच्या घड्याळाला कळलं नाही. ते त्याला कळेपर्यंत आम्ही ते विकणार नाही.’ गटप्रमुखांनी एक शब्द न बदलता सही केली.

मी शिव्यांची वाट बघत बसले. आल्याही. ‘घाबरले’, ‘म्हटलं नव्हतं?’ पण टेबलावर चाळीस पावलं चालणाऱ्या त्या घड्याळाच्या मालकांनी लिहिलं, ‘पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं. माझा नंबर लावा.’

मग एक वेगळंच प्रकरण सुरू झालं. मेट्रन रोज सकाळी माझ्याबरोबर कंपनीत येऊ लागल्या. सकाळच्या फिरायच्या गटातले, जुन्या सहकारी नर्सेस, त्यांचे नवरे, असे साठीच्या पुढचे नऊशे लोक त्यांनी गोळा केले. इंजिनिअरांना त्यांनी आधी नाडी बघायला शिकवलं. वरच्या मजल्यावर बारा मुलंमुली जोड्या करून एकमेकांची मनगटं धरून बसलेली, आणि मधून मेट्रन फिरताहेत. “अंगठा नाही! अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते, तीच मोजशील. तीन बोटं. दाबू नकोस, नुसती टेकव. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतोस? मग घड्याळात आणि तुझ्यात फरक काय?” ती मुलं त्यांना घाबरायची आणि मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्याच टेबलाशी बसायची.

चालकही आले. औषधं सुरू झाली होती, दम कमी झाला होता, पण नाडीची लय अजून डळमळीतच होती. त्यांनी आपणहून हात पुढे केला. सुधारलेल्या घड्याळानं मिनिटभर वेळ घेतला आणि मग दाखवलं, ‘ठोके अनियमित वाटतात. डॉक्टरांना दाखवा.’

चालक खदखदून हसले. “दाखवलेत रे बाबा!”

मेट्रननी बोटं टेकवून पूर्ण मिनिट मोजलं, आणि मान डोलावली. ती तरुण इंजिनिअर मुलगी, जिनं त्या दिवशी कचरा हा शब्द वापरला होता, तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि अख्खा मजला टाळ्या वाजवू लागला.

शेवटच्या दिवशी गटप्रमुखांनी चाचणीचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. नऊशे नावांच्या खाली, ‘तपासणी प्रमुख’ या रकान्यात सही हवी होती. मेट्रननी चष्मा लावला, सगळी पानं उलटून पाहिली, दोन ठिकाणी शंका विचारल्या. मग पेन घेऊन ठळक, सुटं सुटं अक्षर काढत पूर्ण नाव लिहिलं, आणि त्याखाली हुद्दा. ‘निवृत्त’ हा शब्द त्यांनी लिहिला नाही.

लिफ्टमध्ये त्या मला म्हणाल्या, “त्या शेवटच्या पानाची एक झेरॉक्स दे हं मला.”

मी दोन काढल्या. एक त्यांना दिली, एक माझ्या टेबलासमोर लावली.