चिवड्याच्या पुड्या

उद्घाटनाच्या चिवड्याची ऑर्डर वाचनालयाचे सचिव श्रीधरराव यांनी तुळसाबाईलाच द्यावी, ही त्यांची बुद्धी फिरली म्हणायची. मोहल्ल्यात तिच्या हाताला तोड नव्हती हे खरं. पण बाईला काहीच ठाऊक नाही असं ते धरून चालले होते, आणि बाईला सगळं ठाऊक होतं.

तिचा नवरा शालिकराम हातमागावर लुगडी विणायचा आणि उरल्या वेळात पुस्तकं वाचायचा. पुस्तक खिळखिळं झालं की मागाच्याच सुतानं शिवायचा, पाठीवर लुगड्याच्या काठाची पट्टी चिकटवायचा. मरण्याआधी त्यानं सगळी पुस्तकं वाचनालयाला दिली. त्यांना स्वतंत्र कपाट देऊ, वर शालिकरामचं नाव लावू, असा शब्द श्रीधररावांनी भर सभेत दिला होता. कपाट काही आलं नाही. अठ्ठ्याहत्तर साली इमारतीचं नूतनीकरण झालं, लोखंडी कपाटांत एकसारख्या बांधणीची चकचकीत पुस्तकं लागली, आणि लाल-हिरव्या काठांची ती जुनी पुस्तकं सचिवांच्या डोळ्यांत खुपू लागली.

तुळसाबाई रोजच्या विक्रीच्या पुड्यांसाठी रद्दी घ्यायला गांधीबागेच्या बाजारात गेली, तेव्हा ढिगात तिला तो काठ दिसला. वाचनालयाचे साहेब स्वतः रिक्षातून आणून विकून गेले, असं रद्दीवाल्यानं सहज सांगितलं. तिनं सगळा गठ्ठा घरी आणला. नवऱ्याच्या मरणाला रडली तेवढी ती रडली नाही, तिचं पित्त खवळलं. दारात जाऊन भांडावं, तर वाळवी लागली होती म्हणून श्रीधरराव हात झटकणार आणि लोकही त्यांचंच ऐकणार.

तेवढ्यात ऑर्डर आली.

पुस्तकं शाबूत होती, घरात जपून ठेवता आली असती. पण चोरीच्या भीतीनं श्रीधररावांनीच पानापानावर शिक्का मारायला लावला होता: वाचनालयाचं नाव आणि खाली ‘देणगी: शालिकराम’. तो शिक्का पाहिला आणि तिनं विळी ओढली. शिवण इतकी पक्की होती की टाका टाका कापावा लागला. तिचा जीव तुटत होता, पण हात थांबला नाही.

उद्घाटनाला निवृत्त न्यायाधीश पाहुणे होते. एकेक पुस्तक आम्ही लेकरासारखं सांभाळलं, असं श्रीधरराव माइकवर सांगत असताना पुड्या वाटल्या गेल्या. न्यायाधीशांनी चिवडा खाल्ला, कागद उलगडला, चष्मा लावला आणि शेजारच्याची पुडी मागून घेतली. मग मांडवभर कागद उलगडायला लागले.

हे काय आहे, असं न्यायाधीशांनी विचारलं. श्रीधररावांनी पान पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“बाई, वाचनालयाची पुस्तकं फाडली तुम्ही?”

“फाडली मी. इकली तुमी,” तुळसाबाई म्हणाली. “वाळवी लागली होती म्हणान, तर पानं लोकायच्या हातात आहेत. अन् रद्दीवाल्यालेबी बोलावलं मी. थो पाहा, मागं बसून चिवडा खाऊन राह्यला.”

सगळ्या माना मागे वळल्या. रद्दीवाल्यानं तोंडातला घास कसाबसा गिळून श्रीधररावांना नमस्कार केला.

गलका झाला. थोड्या वेळानं माणसं ओशाळून तुळसाबाईकडे येऊ लागली. पानं तेलकट झाली होती, ती नीट घडी करून तिला परत द्यायला लागली. तिनं एकही घेतलं नाही. माफी मागतो, असं श्रीधरराव खालच्या आवाजात म्हणाले, तेही तिनं ऐकून घेतलं नाही.

“मले नोका देऊ,” ती लोकांना म्हणाली. “त्यायले द्या. एकेक करून द्या.”

आणि लोक रांगेत उभे राहिले. नव्या टेबलामागे श्रीधरराव दोन्ही हात पुढे करून पानं घेत होते, आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत तुळसाबाई तिथून हलली नाही.