दोघांचंही रक्त घ्या

तिसऱ्यांदा गर्भ पडला तेव्हा ईशानीला नववा आठवडा होता. आधीच्या दोन्ही वेळी झाशीच्या त्याच दवाखान्यात तिला एकच उत्तर मिळालं होतं, "हो जाता है, फिर कोशिश कीजिए." या वेळी टेबलावर आडवी असतानाच ती म्हणाली, "जो निकला है, उसे फेंकिए मत. जाँच के लिए भेजिए."

नर्स गोंधळली. डॉ. आभा सक्सेना मात्र पुढे आल्या. त्या दवाखान्यात नव्या होत्या आणि वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांवर त्यांचं संशोधन चालू होतं. "यहाँ कोई माँगता ही नहीं," त्या म्हणाल्या. "मैं भेजती हूँ."

रिपोर्ट आला. गर्भाच्या एका गुणसूत्राचा तुकडा जास्त होता, दुसऱ्याचा कमी. अशी उलथापालथ कधी कधी आईकडून किंवा बापाकडून येते, म्हणून डॉक्टरांनी दोघांचंही रक्त मागितलं. ईशानीने तिथल्या तिथे हात पुढे केला. आता तिच्या नवऱ्याचं, अमोघचं रक्त हवं होतं, आणि अमोघच्या रक्ताआधी अमोघचे वडील होते.

शिवाजीराव नहर विभागातून, म्हणजे कालवे खात्यातून, निवृत्त झालेले. मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेल्या घराण्यातले आपण, हे ते मानिक चौकातल्या भाजीवाल्यालाही विसरू देत नसत. जेवताना विषय निघाला तसं त्यांनी ताट पुढे सरकवलं.

"आपल्या घरात पुरुषाचं रक्त तपासायची पद्धत नाही."

"म्हणून तर आजवर मीच सुया टोचून घेतल्या, बाबा," ईशानी म्हणाली.

शिवाजीरावांची बहीण इंदूआत्या त्या दिवशी जवळच्या मोठ गावाहून आली होती. तिने आवाज खाली आणला, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "घरात हे नवीन आहे का? अमोघच्या आधी वहिनीचंही चार वेळा असंच झालं. सासूचा दोष सुनेच्या पदरात आला, दुसरं काय! गुरुवार धर गं तू पण."

पार्वतीबाई, ईशानीच्या सासूबाई, मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. लग्नानंतरच्या त्या वर्षांत त्यांच्या सासूने त्यांना दोषनिवारणासाठी गुरुवारचा कडक उपास लावून दिला होता. अमोघ झाला, मोठा झाला, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागला, तरी तो उपास सुटला नव्हता.

खोलीत आल्यावर ईशानीने दार लावलं. ती मुलींच्या इंटर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. गोष्ट सरळ मांडायची तिला सवय होती.

"तू रक्त दिलंस तर पुढचं बोलू. नाही दिलंस तर चौथ्यांदा मी तयार नाही."

"बाबांना काय सांगू?"

"हात कुणाचा आहे, तुझा की बाबांचा?"

अमोघ पलंगाच्या कडेला बसला. चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "माझ्यातच निघालं तर?"

"तर कळेल. मी तीन वेळा माझ्यातच असणार असं धरून जगले. मेले नाही."

दुसऱ्या दिवशी तो गेला. सुई टोचताना त्याने तोंड फिरवलं होतं.

ईशानीचा रिपोर्ट निर्दोष आला. अमोघच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी गेलेले होते. त्याला स्वतःला त्याचा काही त्रास नव्हता, होणारही नव्हता. बाळाकडे जाताना मात्र वाटणी चुकायची. यात कुणाचाच अपराध नाही, निरोगी मूल होऊ शकतं, स्वतः अमोघ आहेच की, असं डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. अमोघ नुसती मान हलवत होता. बड़ा बाज़ारातून परतताना तो एकदाच बोलला, "सॉरी." आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल असं ईशानीला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि गर्दीतून वाट काढली.

घरी तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. लपवलं असतं तर उद्या पुन्हा गुरुवारची गोष्ट निघाली असती. पार्वतीबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे त्याला आलं कुठून?"

"तुमच्याकडून किंवा बाबांकडून. किंवा त्याच्यातच नव्याने झालं असेल. तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

सकाळी ईशानी कॉलेजला निघाली तेव्हा पार्वतीबाई बाहेर जायची साडी नेसून दारात उभ्या होत्या.

"आज रजा टाक. माझं रक्त द्यायचंय."

"बाबांना विचारलंत?"

"त्यांचं रक्त द्यायचं असतं तर विचारलं असतं."

संशोधनासाठी डॉक्टरांनी त्यांना जुनी हकीकत विचारली: किती वेळा, कितव्या महिन्यात, काय झालं. पार्वतीबाई सांगू लागल्या. पहिल्या वेळी त्यांना कळलंच नव्हतं काय होतंय ते. दुसऱ्या वेळी स्वयंपाकघरात झालं आणि सासूने आधी ओटा धुवायला लावला. तिसऱ्या वेळी शेजारच्या बारशाला त्यांना बोलावणं आलं नाही. चौथ्याबद्दल सांगताना त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा बोलल्या. ईशानी शेजारी बसून होती. इतकी वर्षं एका घरात राहून यातलं अक्षरही तिने सासूबाईंच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"पहले किसी डॉक्टर ने नहीं पूछा?" डॉ. आभांनी विचारलं.

"डॉक्टर क्या, घर में भी किसी ने नहीं पूछा. सब बताते ही थे."

काही आठवड्यांनी त्यांचा रिपोर्ट आला. पार्वतीबाईंच्या गुणसूत्रांत काहीही नव्हतं.

पुढच्या गुरुवारी इंदूआत्या पुन्हा मोठहून आली होती. पार्वतीबाईंनी पोहे केले, सगळ्यांना वाढले, मग स्वतःची बशी भरून शिवाजीरावांच्या समोर खुर्चीवर बसल्या आणि खाऊ लागल्या.

"वहिनी! आज गुरुवार!"

"माहितेय, वन्सं. लिंबू द्या इकडे."

शिवाजीरावांचा घास हातातच राहिला. "हे काय चाललंय?"

"मी तपासून आले. माझ्यात काही दोष नाही. कधीच नव्हता. जो नव्हता त्याच्यासाठी मी इतकी वर्षं उपाशी राहिले."

"म्हणजे माझ्यात आहे म्हणतेस?"

"ते मला ठाऊक नाही. अमोघमध्ये नव्यानेही झालं असेल. तुम्हाला जाणून घ्यायचं असेल तर दवाखाना उघडा आहे, ईशानी नेईल. नसेल जायचं तर नका जाऊ." त्यांनी बशी खाली ठेवली नाही. "फक्त या घरात आता कुणी दोष हा शब्द माझ्यापुढे काढायचा नाही. हिच्यापुढेही नाही. आणि वन्सं, मोठला कुणी विचारलं तर खरं ते सांगा."

इंदूआत्या दुपारच्या बसची वाट न बघता निघून गेली. शिवाजीराव दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पार्वतीबाईही त्यांना मनवायला गेल्या नाहीत.

शिवाजीरावांनी रक्त दिलं नाही ते नाहीच. पण घराण्याच्या गोष्टी सांगताना ते हल्ली मधेच थांबत, आणि एकदा त्यांना फोनवर बहिणीला म्हणताना ईशानीने ऐकलं, "जाऊ दे इंदू, तो विषय नको."

वर्षभराने ईशानीला पुन्हा दिवस गेले. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही रीत तिला आधी तीनदा पाळायला लावली होती. या वेळी तिने सातव्या आठवड्यातच स्टाफरूममध्ये सांगून टाकलं, ग्वाल्हेरला माहेरी सांगितलं, गल्लीतल्या मिश्राभाभींनाही सांगितलं. शिवाजीराव अस्वस्थ झाले.

"एवढ्या लवकर? नजर लागते. आणि काही झालं तर लोकांना काय सांगायचं?"

"तेच सांगायचं, बाबा. मागच्या तिन्ही वेळा मी आजारी म्हणून रजा टाकली आणि एकटी रडले. आता राहिलं तर सगळ्यांना कळेल, गेलं तरी सगळ्यांना कळेल."

"मी सोबत जातेय सोनोग्राफीला," पार्वतीबाई म्हणाल्या. "अमोघला सुट्टी नाही मिळाली."

पडद्यावर ठोके दिसले, बारीक आणि भराभर. डॉ. आभा हसल्या, पण म्हणाल्या की एवढ्यावरून काही पक्कं सांगता येणार नाही. बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी अजून व्हायची आहे, ती होईपर्यंत त्या कुठलाही शब्द देणार नाहीत.

"वादा चाहिए भी नहीं," ईशानी म्हणाली. "जो निकले, सच बताइए, और पहले मुझे ही बताइए."

पार्वतीबाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांच्या वेळी असलं काही बघायला मिळालं नव्हतं. त्यांनी आपली खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "ज़रा फिर से दिखाइए. मुझे भी देखना है."