सत्काराची रंगीत तालीम

लढाई संपली आणि परतलेल्या जवानांच्या सत्काराचं काम थोरल्याच्या गळ्यात पडलं. गळ्यात कसलं, सरकारी समारंभ हा त्याचा हातखंडा, त्यानेच ते मागून घेतलं होतं. प्रमुख पाहुणे बुटके, म्हणून त्याने व्यासपीठ छातीइतकं उंच करून घेतलं. ज्यांना पायऱ्या चढवणार नाहीत, त्यांचा सत्कार खालीच, एखाद्या दुय्यम साहेबाच्या हस्ते उरकायचा, असंही ठरवून टाकलं. अशांमध्ये त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले होते.

व्यासपीठाला उतार करा, असा निरोप धाकट्याने पाठवला. उताराने फोटो बिघडतो, असं थोरल्याने कारकुनाकरवी कळवलं. घर एकच, थोरला आईजवळ वरच्या मजल्यावर, धाकटा तळमजल्यावर. पण दोघांत बोलणं नव्हतं. सगळा संसार माझ्या बोकांडी टाकून हा सैन्यात पळाला, हे थोरला विसरायला तयार नव्हता. थोरला स्वतः घरात असायचाच कुठे म्हणा! जिना झाडणाऱ्या बाईला मात्र त्याने एकदा चांगलं फैलावर घेतलं होतं, आणि तेव्हापासून पायऱ्या कशा लखलखीत असतात, हे ऑफिसात ज्याला त्याला ऐकवायचा.

तालमीच्या दिवशी धाकटा चाकाच्या खुर्चीतून थेट पायऱ्यांपाशी आला. खाली उतरला, व्यासपीठाकडे पाठ केली आणि हातांवर भार देत, बसल्या बसल्या एकेक पायरी वर सरकू लागला. बँडची धून संपली. त्यांनी ती पुन्हा वाजवली, तीही संपली. मग कोणी वाजवेना.

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाटकं बंद कर," तो दातओठ खात म्हणाला. "चार लोकांत माझी शोभा करायला आलास?"

"उद्याही असाच येणार. बँडला दम राखायला सांग."

"उद्या तुझं नावच पुकारलं जाणार नाही."

आणि सगळ्यांदेखत त्याने कारकुनाला ते नाव गाळायला लावलं. धाकटा वर पोचला, थोरल्याच्या बुटांपाशी जरा दम खाल्ला आणि तसाच खाली उतरला. त्याची पँट मागून धुळीने माखली होती.

संध्याकाळी थोरल्याने आईपुढे आदळआपट केली. मला खाली बघायला लावायला त्याने हे सोंग कुठून काढलं, म्हणून विचारलं. आई उद्यासाठी काढलेले धाकट्याचे ठेवणीतले कपडे परत कपाटात ठेवत होती.

"सोंग नाही ते," ती म्हणाली. "माझे गुडघे जिना उतरू देत नाहीत. दोन्ही वेळा माझ्याबरोबर जेवायला तो तसाच वर येतो."

"काहीतरीच. मग मला कसं कधी दिसलं नाही?"

"दिसलं की. झाडणारी बाई तू बोललास त्याच दिवशी काम सोडून गेली. तेव्हापासून जिना कोणी झाडलेला नाही."