हँडल वर उचलून

आमचे हे दारांची कुलपं दुरुस्त करतात आणि भेटेल त्याला सुरक्षिततेवर व्याख्यान देतात. पण यांची स्वतःची आई एकटी राहते, आणि दार नुसतं लोटून घेते. यांनीच बसवलेलं कुलूप ते. हँडल वर उचललं की वरचे, मधले, खालचे लोखंडी आकडे चौकटीत शिरतात, मग किल्ली फिरवायची. उचललंच नाही तर कुणीही बाहेरून हँडल दाबून आत यावं. दार उघडंच असतं, असं शेजारीण सारखी सांगायची. शेवटी हे म्हणाले, आई विसरायला लागली, आता तिला एकटं ठेवायचं नाही. नातेवाइकांतही सांगून झालं. मीही मान डोलावली आणि शिवणाची खोली रिकामी केली.

त्यातच त्या कुलपाची, हँडलने आकडे हलवणारी मधली पेटी तुटली. सासूबाईंना आणल्यावर घर बंद करायचं, म्हणजे कुलूप हवंच. यांनी दाराच्या कडेपासून हँडलच्या भोकापर्यंत, तिथून किल्लीच्या भोकापर्यंत, दाराच्या कडेवरच्या पट्टीची रुंदी, सगळं मोजलं. मिलिमीटरवरून दुकानदाराचा जीव खाल्ला आणि हुबेहूब तसंच कुलूप आणून बसवलं. मग मोठ्या ऐटीत आईला म्हणाले, "लाव बघू."

तूच लाव, असं त्या म्हणाल्या. यांनी हट्ट सोडला नाही. शेवटी सासूबाईंनी दोन्ही हातांनी हँडल धरलं. मनगटं थरथरली, हँडल हललं नाही. मग आमच्याकडे न बघता त्या वाकल्या, खांदा हँडलखाली घातला आणि उठायला लागल्या. पेटी कशी तुटली ते तेव्हा कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यांनी त्यांना धरून बाजूला केलं. "आई, सांगायचं नाहीस का? आम्ही तुला विसराळू ठरवून मोकळे झालो."

"तू बसवलेलं कुलूप लागत नाही, असं चारचौघांत सांगू?" त्या म्हणाल्या. "तुझा धंदा आहे तो. म्हातारी विसरते म्हणाले, तर म्हणू देत."

यांची मान खाली गेली ती वर येईना. दार ओढताच आपोआप आकडे टाकणारं कुलूप त्याच मापात मिळतं, आतून नुसतं हँडल दाबलं की उघडतं. हे यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. गिऱ्हाइकांना हेच सुचवतात. नवं कुलूप काढून ते बदलून आणायला हे दुकानात परत गेले.

आमच्याकडे न्यायला बांधलेले सासूबाईंचे कपडे सोडून मी परत त्यांच्याच कपाटात लावत बसले. त्या मदतीला आल्या, तेव्हा मला त्यांच्या हातांकडे बघवेना.