मांडवातली हाक

गुणाबाईचा जबडा मुसळाच्या एका फटक्यात मोडला, आणि मोडणारा हात तिच्या सख्ख्या भाच्याचा होता. मांडवात तिच्या नातीला, रियाला, हळद लागत होती. हळद कांडून बायकांनी आंब्याची पानं बांधलेली मुसळं नुकतीच भिंतीला टेकवली होती. त्यातलंच एक भावेशने उचललं. दात उडून हळदीच्या ताटात पडले. पाटावर, रियाच्या पिवळ्या साडीवर, जिथे तिथे रक्त. म्हातारी कोसळली तरी पोरगा थांबेना. दुसरा घाव तिच्या खांद्यावर बसला, तिसरा त्याच्या बापाने, धर्मराजने, मध्ये पडून स्वतःच्या दंडावर झेलला.

"कशाला नाव घेतलंस?" भावेश खाली पडलेल्या आत्याला विचारत होता. "माझ्या आयचं नाव कशाला घेतलंस?"

पनवेलच्या खाडीकाठी कोळीवाड्यातल्या लग्नाला भटजी उशिरा आला तर चालतं, पण धवलारणीवाचून पान हलत नाही. ती धवले गाते, म्हणजे गाऊन आवतण देते. आधी गावदेवीला, मग खाडीला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन ती हाक मारते, आणि त्या माणसाचं जे कुणी रक्ताचं मांडवात असेल त्याने "आला" नाहीतर "आली" म्हणायचं असतं. उत्तर मिळालं की धवलारीण चिमूटभर तांदूळ टाकते आणि पुढच्या नावाकडे वळते. अर्ध्या कोळीवाड्याची लग्नं गुणाबाईने अशी लावली होती. त्या दिवशी तिने भामाला हाक मारली. भामा तिची भावजय, धर्मराजची बायको, काविळीने अकाली गेलेली. "आली" म्हणायचा मान भामाच्या एकुलत्या एका मुलाचा, भावेशचा होता.

त्याने उत्तराऐवजी मुसळ उचललं, आणि हे शिक्षण त्याला घरातूनच मिळालं होतं.

बंदरावरच्या नोकरीतून मोकळा झाल्यावर धर्मराज 'उजळवाट' या भक्तमंडळात अर्थवाचक झाला होता. दर रविवारी सभागृहात मंडळाच्या साधूच्या ग्रंथातली एक ओवी वाचायची आणि तिचा अर्थ सांगायचा, एवढं काम. अर्थ मात्र त्याने काढायचा नाही. तो मंडळाच्या मुख्यस्थानाकडून मोबाइलवर यायचा. ओवी साधूची आणि अर्थ ऑफिसचा, असा सगळा कारभार. पण याच मंडळाने कोळीवाड्यातल्या कितीतरी जणांची दारू सोडवली होती, धर्मराजचीही. त्याच्या शब्दाला तिथे वजन होतं. खरं सांगायचं तर दारूची सुटली आणि त्या मानाची चटक लागली.

एका रविवारी ओवी आली ती अशी, की गेलेल्याला हाक मारू नये, हाक मारणारं मुख मिटावं. ग्रंथात हे बोल एका आईला सांगितलेले आहेत. तिचं लेकरू गेलेलं, अन्नपाणी सोडून ती चितेपाशी हाका मारत बसलेली, आणि साधू तिच्या तोंडात घास घालून म्हणतो, आता हे मुख मीट, घास गीळ. धर्मराजने अख्खा अध्याय वाचला होता. मुख्यस्थानाचा अर्थ भलताच आला. धवले गाणाऱ्या बायका मेलेल्यांना हाका मारून अडकवून ठेवतात, त्यांची सुटका होऊ देत नाहीत, म्हणून अशी तोंडं भक्तांनी बंद केली पाहिजेत. धर्मराजने तो मुकाट्याने सांगितला. नुसता सांगून थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं, पण लोकांना पटावं म्हणून शहाण्याने घरचाच दाखला दिला. "आमची भामा बघा. दर लग्नात तिला बोलावतात. कशी सुटायची बिचारी?" सभा हळहळली. पहिल्या रांगेत भावेश डोळे पुसत होता. बापाला वाटलं, आज आपलं बोलणं चांगलं रंगलं.

आईवर जीव टाकणारं पोर ते. आई अडकली आहे आणि तिला आत्याने अडकवलं आहे, एवढंच घेऊन ते घरी आलं.

गुणाबाईला पनवेलच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा मंडळाचा कोळीवाड्यातला प्रमुख काशिराम पोलिसांच्या आधी तिथे हजर होता. धर्मराजला बाजूला घेऊन तो हळू आवाजात बोलला, "धर्मराजभाऊ, गुणाबाय घसरली आन् मुसळावर पडली. पोराचा जल्म हाय, मंडळाचं नाव हाय. काय ते समजून घ्या."

धर्मराजने हवालदाराला तसंच सांगितलं. खोटं बोलताना आपली जीभ जरासुद्धा अडखळली नाही, याची त्याला नंतर फार शरम वाटली.

गुणाबाईने खाटेवरून सगळं ऐकलं होतं. तिचं तोंड पट्ट्यांनी आवळलेलं, एक डोळा सुजून बंद झालेला. तिने भावाकडे रागाने पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिने कनवटीची धवल्याच्या तांदळाची पुरचुंडी काढली, त्याच्या मुठीत कोंबली, आणि बोट आधी रियाकडे, मग त्याच्याकडे केलं.

"आजी म्हणते, उद्या तुमी गायचं," रिया म्हणाली. तिच्या अंगावर अजून तीच साडी होती. "धवले झाले नाय तर मी मांडवात उभी राहणार नाय, आबा."

"बाप्ये धवले गात नाय गो बाय."

"मग आजीचं तोंड परत आणून द्या."

धवले धर्मराजला येत होते. त्याची आईही धवलारीण होती, आणि लहानपणी कितीतरी मांडवांत तो तिच्या मांडीवर झोपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुसळ धुऊन पुन्हा जागेवर ठेवलेलं होतं. लग्न म्हटलं की मुसळ लागतंच. मंडळाची पोरं मांडवाच्या दाराशी उभी होती, त्यांच्या पुढे भावेश, आणि खुर्चीवर काशिराम. धर्मराज पाटावर बसला. त्याने देवीला हाक मारली तेव्हा आवाज फाटला आणि दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. खाडीला हाक मारली तेव्हा कुणी हसलं नाही. बापाला हाक मारून त्याने स्वतःच "आला" म्हटलं, आईला हाक मारून "आली" म्हटलं, तांदूळ टाकले.

"अर्थवाचक, पुरे," काशिराम म्हणाला.

भावेश मुसळ घेऊन पुढे आला. "बाबा, आयचं नाव घेऊ नका. पाया पडतो तुमच्या."

धर्मराज थांबला. "तुझी आय कुटं अडकली नाय रे. ती ओवी लेकरू गेलेल्या बाईला सांगितली हाय, तिनं दोन घास खावं म्हणून. मला ठाऊक होतं. मी सभेत खोटा अर्थ सांगितला."

"खोटा?" भावेशच्या डोक्यात ते शिरेचना. "मग आत्याला मी कशासाठी मारलं?"

अर्थ खरा असला तर भावेश आईला सोडवणारा मुलगा होता. खोटा असला तर एका म्हातारीचं तोंड फोडणारा नुसता गुंड. त्याला अर्थ खराच हवा होता. त्याने मुसळ दोन्ही हातांनी फिरवलं.

पहिला घाव कानशिलावर बसला. धर्मराज पाटावरून कलंडला, पण हातातले तांदूळ त्याने सोडले नाहीत. दुसऱ्या घावाने ओठ फाटले. तो कोपरावर उठला, तोंडातलं रक्त आणि दाताचा तुकडा बाहेर थुंकला, आणि त्याने हाक मारली.

"भामा."

शब्द नीट उमटला नाही, तरी मांडवात सगळ्यांना कळला. कुणी हललं नाही. उत्तर देणं एकाच माणसाचं काम होतं. भावेश बापाच्या फुटलेल्या तोंडाकडे बघत राहिला. कालही असंच तोंड त्याने पाहिलं होतं, पण पाहून न पाहिल्यासारखं. मुसळ त्याच्या हातातून गळून पडलं. तो जमिनीवर बसला, आणि लहानपणी शाळेतून आल्यावर जसा आईला शोधायचा तसा इकडेतिकडे बघू लागला.

"आली," तो म्हणाला.

धर्मराजने चिमूटभर तांदूळ टाकले. ते लाल झाले होते.

दाराशी उभ्या असलेल्या पोरांनी काशिरामकडे पाहिलं. काशिरामने होकाराची मान हलवली. मेलेल्याला मारलेल्या हाकेला ओ देणारं तोंडही बंदच करायचं, हे त्या पोरांना भावेशनेच समजावून दिलं होतं. त्यांच्यातल्या एकाने पुढे होऊन मुसळ उचललं, आणि बाकीच्यांनी भावेशचे हात धरले.