पुलाच्या अलीकडे

आर्लिस ब्रेक्के निवडून आली होती ती एका वाक्यावर: खाजगी मालकाच्या रुळांवर जनतेच्या कराचा एक डॉलरही जाणार नाही. आता गावातल्या खाजगी रेल्वेला नव्या पुलासाठी पैसे द्यायचे का, यावर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळातल्या तीन सदस्यांपैकी एक बाजूने होता, एक विरुद्ध, आणि संध्याकाळी तिसरं मत होतं तिचं. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं.

आणि खरं सांगायचं तर बाई विरघळली होती. पैसे मिळाले नाहीत तर रेल्वेचा मालक हॅस्कल मालगाडीच बंद करणार होता. मग सगळा गहू ट्रकने जाणार, रस्त्यांची चाळण होणार, आणि ते रस्ते दुरुस्त करायचे जनतेनेच. बाजूने मत द्यायचं तिने मनात जवळजवळ ठरवलं होतं. त्यात दुपारी हॅस्कलने तिला मुद्दाम इंजिनात बसवून नदीवरचा जुना लाकडी पूल दाखवायला नेलं. इंजिन चालवत होता तिचा धाकटा भाऊ, वेंडल.

पूल आला तशी गाडी थांबली. वेंडलचा जोडीदार डफी मुकाट्याने खाली उतरला. पाठोपाठ हॅस्कलही कोटबिट सावरत उतरला.

"तूही उतर," वेंडल म्हणाला.

"का?"

"नेहमीचंच आहे. गाडी न्यायला एक जण पुरे. काही झालंच तर फोन करायला कुणीतरी अलीकडे नको का?"

"आणि नेहमी नेतो कोण?"

"डफीला लहान पोरं आहेत गं. मला काय, एक बहीण, तीही भांडखोर." तो हसला.

गव्हाने भरलेले डबे पुलावर चढले आणि लाकूड कण्हायला लागलं. मधोमध एक डबा कलला, तसाच कललेला राहिला, मग सावरला. शेवटचा डबा पलीकडे पोचेपर्यंत आर्लिसने डफीचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

"पटलं ना आता?" हॅस्कल म्हणाला. "मत द्या, वर्षभरात नवा पूल उभा करतो."

"तुम्ही का उतरलात?"

"मी? मला जरा पाय मोकळे करायचे होते."

"पूल होईपर्यंत गाड्या बंद ठेवा. मग देते मत."

"बंद? अहो, गिऱ्हाईक एकदा ट्रककडे गेलं की परत येतं होय? त्यापेक्षा आजच कुलूप ठोकतो!"

संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. रेल्वेची माणसं पहिल्या रांगेत, त्यांत वेंडल इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. आर्लिसचं नाव पुकारलं गेलं.

"विरोधात," ती म्हणाली.

मागच्या रांगांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "शब्दाची पक्की आहे हो बाई!" कुणीतरी ओरडलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नाही.

वेंडलने तिला बाहेर तिच्या मोटारीपाशी गाठलं.

"तुझं ते एक वाक्य खरं करायला आमच्या पोटावर पाय दिलास! सगळी हयात त्या इंजिनात गेली माझी. दुसरं काही येत नाही मला. आता मी काय करायचं, सांग ना!"

"म्हातारा हो," आर्लिस म्हणाली.

त्याला ती थट्टा वाटली. पिकअपचं दार आपटून तो निघून गेला.